मस्टँगचे रेस्टोमॉड नाशिकमध्ये कसे बांधावे

१९६४ च्या मॉडेलसाठी पाँटियाकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंची व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली, आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. त्या सुमारास आणि पुढच्या सात-आठ वर्षांत डेट्रॉइटच्या कंपन्यांनी काढलेल्या कॅमेरो, चार्जर, शेव्हेल, बाराकुडा या गाड्यांना आज सरसकट मसल कार म्हटले जाते. मस्टँग आणि कॅमेरो यांना जाणकार वेगळ्या गटात टाकतात, पण गॅरेजमध्ये त्या वादाला काही किंमत नाही. या सगळ्या गाड्यांचे दुखणे साधारण सारखेच असते. इंजिन दांडगे, पण ब्रेक बहुधा ड्रमचे, अनेकींत मागे पाटे (लीफ स्प्रिंग), स्टिअरिंग ढिले आणि सुस्त. गाडीचे बाह्यरूप जसेच्या तसे ठेवून आतले हे दोष आजच्या सुट्या भागांनी दूर करणे, याला रेस्टोमॉड म्हणतात.

बहुतेक जण हे काम इंजिनापासून सुरू करतात, आणि माझ्या मते बहुतेक अर्धवट पडलेल्या गाड्यांचे मूळ तिथेच असते. चारशे अश्वशक्तीचे इंजिन खोक्यातून निघते तेव्हा मन हरखते. पण ते ज्या सांगाड्यात बसणार त्याचे लोखंड कुजलेले असेल आणि कागदपत्रांत दुसऱ्याच इंजिनाचा क्रमांक असेल, तर ते खोके वर्षानुवर्षे शेडमध्ये पडून राहते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी कागद, मग सांगाडा, मग ब्रेक, स्टिअरिंग व सस्पेन्शन, आणि सर्वांत शेवटी इंजिन. या लेखात मुख्य उदाहरण १९६७-६८ च्या मस्टँगचे घेतले आहे. कॅमेरोत जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

कागदपत्रे आणि चेसिस क्रमांक

आरसी बुकावरील चेसिस क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचता आला पाहिजे, ही पहिली अट. १९६७ च्या मस्टँगमध्ये तो क्रमांक बॉनेट उघडल्यावर डाव्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या वरच्या काठावर पत्र्यातच ठोकलेला असतो. ‘७आर०२सी’ अशी सुरुवात असेल तर ७ म्हणजे १९६७, आर म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन होजे कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक (छत मागे उतरत जाणारी) बॉडी आणि सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचे २८९ घनइंची इंजिन. विकणारा ‘ही मूळची ३९० घनइंची इंजिनाची आहे’ असे सांगत असेल आणि पाचवे अक्षर सी असेल, तर भाव ठरवताना काय बोलायचे ते वेगळे सांगायला नको. १९६७ च्या कॅमेरोत क्रमांकाची पट्टी डाव्या दरवाजाच्या बिजागरीच्या खांबावर असते. १९६८ पासून ती डॅशबोर्डवर, पुढच्या काचेतून दिसेल अशी आली.

हा पत्र्यावरचा क्रमांक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. फोर्डचे आजचे कोयोट इंजिन रुंद असल्यामुळे ते जुन्या मस्टँगमध्ये घालण्यासाठी सहसा पुढच्या स्प्रिंगचे उंच खांब, म्हणजे शॉक टॉवर, कापावे लागतात, आणि आतले मडगार्ड नेमके त्याच खांबांना जोडलेले असते. उत्साहाच्या भरात टिंकरने ते मडगार्ड नवे बसवले आणि जुना पत्रा भंगारात गेला, तर कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळखच भंगारात गेली असे समजावे.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेले तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा कडक अर्थ लावला. कलम १८२-अ खाली विनापरवाना बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दुसरीकडे, २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की रेस्टोमॉड करणाऱ्यापुढे दोन वाटा उरतात. पहिल्या वाटेत मूळ इंजिन, चेसिस आणि बॉडी कायम ठेवून फक्त बोल्ट उघडून परत काढता येतील असेच नवे भाग बसवायचे आणि काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवायचा. दुसऱ्या वाटेत इंजिन बदलायचे आणि त्यासाठी काम सुरू करण्याआधी नोंदणी प्राधिकरणाची लेखी परवानगी मिळवायची. पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात जाऊन, गाडीचे फोटो आणि आरसी दाखवून, नेमके काय बदलायचे आहे ते लिहून विचारावे. तोंडी ‘चालेल हो’ वर एकही नट ढिला करू नये. नाशिकमध्ये ही गाडी बांधणाऱ्या बहुतेकांसाठी मला पहिली वाट शहाणपणाची वाटते, आणि पुढचा बराचसा मजकूर तीच गृहीत धरून लिहिला आहे. डावीकडचे स्टिअरिंग उजवीकडे आणण्याच्या भानगडीतही पडू नये. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विजेचे इशारादर्शक साधन हवे, असे कलम १२० सांगते, म्हणजे इंडिकेटर नीट चालू ठेवावेत, एवढेच.

सांगाडा आणि पत्रा

मस्टँगला वेगळी चेसिस नसते. फरशी, बाजूच्या पट्ट्या आणि पुढचे-मागचे रेल एकत्र वेल्ड करून तिचा सांगाडा बनतो. त्यामुळे गंज हा इथे दिसण्याचा प्रश्न नसून ताकदीचा प्रश्न असतो. पहिली तपासणी पाण्याने करावी. पुढच्या काचेखाली हवेसाठी जी जाळी असते, तिच्यात तांब्याभर पाणी ओतावे आणि आत पायाशी हात लावून पाहावा. पाणी बाजूने बाहेर पडायला हवे. ते आत टपकले तर जाळीखालची पेटी कुजली आहे आणि तिच्याबरोबर समोरची फरशीही गेली असणार. ती पेटी दुरुस्त करण्यासाठी अनेक ठिकाणचे स्पॉट वेल्ड फोडून वरचा पत्रा उचलावा लागतो, हे खरेदीच्या भावात धरावे. त्यानंतर मागच्या पाट्यांचे पुढचे टोक जिथे अडकते तो भाग आणि पुढच्या रेलची फरशीशी होणारी जोडणी पेचकसाने टोचून पाहावी. कॅमेरोत पुढचा अर्धा भाग वेगळ्या सबफ्रेमवर असतो आणि ती बॉडीला बोल्टने जोडलेली असते. तिथे त्या बोल्टांची रबरी बुशे आणि मागच्या काचेचे खालचे कोपरे पाहावेत. पुट्टी शोधायला लोहचुंबक पुरतो.

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत ब्लास्टिंगची सोय सहज होते, पण ती यंत्रे बहुतेक ओतीव कामासाठी लावलेली असतात. जाड ॲक्सल, सबफ्रेम, सस्पेन्शनचे आर्म तिथे खुशाल द्यावेत. बॉनेट, दरवाजे आणि छत मात्र देऊ नयेत, कारण मोठ्या दाबाने मारलेल्या ग्रिटने सपाट पत्रा ताणला जाऊन त्यात लाटा येतात, आणि त्या लाटा पुट्टीखाली लपवण्यात रंगाऱ्याचा महिना जातो. या भागांचा रंग रसायनाने आणि हलक्या डिस्कने काढावा.

बॉडीचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याला सीआरसीए (थंड लाटणीचा मऊ) पत्रा चालतो. आपल्याकडे मिग वेल्डिंगला सरसकट ‘सीओटू’ म्हणतात, आणि बहुतेक शेडमध्ये खरोखरच निव्वळ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावलेला असतो. जाड अँगलसाठी तो उत्तम. पातळ पत्र्यात मात्र उष्णता जास्त शिरते आणि भोक पडते. त्यामुळे आर्गॉन मिसळलेला वायू आणि ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार मागावी. लांब रेघ न ओढता टाके घालत जावे आणि एक टाका इथे घातला की पुढचा हातभर दूर घालावा. फरशी कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घ्यावेत आणि दरवाजे बिजागरीवर लटकत ठेवूनच काम करावे, म्हणजे फटी बदलल्या तर लगेच कळते. पुढचे आणि मागचे रेल जोडणारे सबफ्रेम कनेक्टर हा मस्टँगसाठी सर्वांत उपयुक्त भाग आहे, पण त्यांचे वेल्डिंग गाडीचे वजन चाकांवर असतानाच करावे. जॅकवर लटकलेल्या सांगाड्यावर ते केले तर आलेला बाक कायमचा होतो. व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर बोल्टने बसणारे कनेक्टर घ्यावेत.

कामाचे वेळापत्रक पावसावर बेतावे. नाशिकमध्ये जुलैत उघडा ठेवलेला स्वच्छ पत्रा सकाळपर्यंत तांबूस होतो. कापाकापी आणि वेल्डिंग दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्यापर्यंत उरकावे, उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा, आणि शेवटचा रंग दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की लावावा. दिंडोरी-पिंपळगाव भागातल्या अनेकांकडे मळ्यात प्रशस्त शेड असते आणि गाडी तिथेच ठेवण्याचा मोह होतो. पण जिथे मोरचूद, गंधक आणि फवारणीची औषधे ठेवलेली आहेत त्या शेडमध्ये उघडे लोखंड आणि ॲल्युमिनियमचे इंजिन ठेवू नये. मोरचूद दोन्हींना खातो.

सुताचे बोल्ट

हा भाग छोटा वाटतो, पण कामाच्या पहिल्याच आठवड्यात तो आडवा येतो. या गाड्यांचा जवळजवळ प्रत्येक मूळ बोल्ट इंचाच्या मापाचा आहे आणि आजच्या इंजिनांचे व गिअरबॉक्सचे बरेच बोल्ट मेट्रिक आहेत, त्यामुळे एकाच गाडीत दोन्ही नांदतात. आपले जुने फिटर इंचाचे माप सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे चार सुती बोल्ट हा अर्ध्या इंचाचा झाला. अडचण अशी की नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘चार सुती’ म्हणून मागितलेला बोल्ट बहुधा व्हिटवर्थ आट्यांचा मिळतो, ज्यात इंचाला १२ आटे असतात आणि त्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. अमेरिकी यूएनसी (तिकडच्या प्रमाणित जाड आट्यांच्या) बोल्टाला त्याच जाडीत १३ आटे आणि ६० अंशांचा कोन असतो. व्हिटवर्थ बोल्ट दोन-तीन फेरे गुण्यागोविंदाने आत जातो, मग जड होतो, आणि मिस्त्रीने पान्याला पाइप लावला की ब्लॉकमधले आटे उतरतात. ३/८ इंचात तर दोन्हींचे आटे १६ च असतात, त्यामुळे फरक फक्त कोनाचा राहतो आणि हाताला कळतही नाही.

म्हणून एक आटे-मापक पट्टी नेहमी जवळ ठेवावी, सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग आणि सीटबेल्टचे बोल्ट स्थानिक बाजारातून घेऊ नयेत, आणि डोक्यावरच्या खुणा वाचायला शिकावे. अमेरिकी बोल्टावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. डोके कोरे असेल तर तो बोल्ट फक्त नंबरप्लेटला लावावा.

थांबणे, वळणे, टेकणे

१९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना एकच मास्टर सिलिंडर आणि एकच तेलमार्ग असतो. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक जातात. १९६७ पासून दुहेरी मास्टर सिलिंडर आला. गाडी आधीची असेल तर बाकी काही करण्यापूर्वी हा बदल करावा. पुढे डिस्क बसवताना मापांची जुळवाजुळव आधी कागदावर करावी. मोठ्या कॅलिपरला तेल जास्त लागते म्हणून मास्टर सिलिंडरचा बोर मोठा हवा, पण बोर वाढला की दाब कमी होतो आणि पेडल दगडासारखे लागते. मग बूस्टर तरी हवा किंवा पेडलचा तरफभाग वाढवायला हवा. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि तेज कॅमशाफ्ट घातला की व्हॅक्यूम घटतो, म्हणून ब्रेक घेताना कॅमशाफ्ट कोणता येणार हे ठरलेले असावे. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. मागेही डिस्क बसवली आणि तो व्हॉल्व्ह तसाच राहिला तर पॅड घासत राहतात आणि चाक हाताला चटका देते. मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह लावून तो असा जुळवावा की जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाके आधी लॉक होतील. मागची आधी लॉक झाली तर कसारा घाटाच्या उतारावर गाडी आडवी होईल.

चाके १७ इंची घ्यावीत. पुढे २२५/४५ आणि मागे २४५/४५ मापाचे टायर बसतात आणि ते इथे मिळवणे अवघड नाही. मूळ १४ इंची चाकांसाठी चांगले टायर शोधत बसणे म्हणजे वेळ घालवणे. शिवाय मोठ्या डिस्क त्या चाकांत मावतही नाहीत. व्ही-८ मस्टँगचे पाच बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, कॅमेरोचे १२०.६५ वर. कोणी ‘१२० ची बीएमडब्ल्यूची चाके बसतील’ म्हणाला तर नकार द्यावा, कारण अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक बोल्टावर सतत ताण ठेवतो.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये वरच्या आर्मची भोके साधारण इंचभर खाली घेण्याची जुनी युक्ती आहे. कॅरोल शेल्बीच्या गाड्यांवरून तिला शेल्बी ड्रॉप म्हणतात, आणि एवढ्या स्वस्तात वळणावरची पकड वाढवणारे दुसरे काही नाही. त्यावर नवे शॉक ॲब्सॉर्बर, जाड अँटिरोल बार आणि मागे नवे पाटे एवढ्याने गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते. पूर्ण कॉइलओव्हर संच सुंदर असतात, पण नाशिकच्या गतिरोधकांवर खूप खाली बसवलेल्या गाडीचा सायलेन्सर आधी जातो. स्वस्त रॅक-अँड-पिनियन संचांपासूनही सावध राहावे. रॅकच्या टोकांची रुंदी मूळ सस्पेन्शनशी जुळली नाही तर प्रत्येक खड्ड्यावर चाक आपोआप वळते. त्यापेक्षा मूळ जागी बसणारा आधुनिक पॉवर स्टिअरिंग बॉक्स घेणे मला बरे वाटते.

अलाइनमेंटच्या दुकानातील संगणकात ही गाडी बहुधा सापडत नाही, आणि सापडली तरी मूळ आकडे जुन्या क्रॉस-प्लाय टायरसाठीचे असतात. रेडियल टायरसाठी कॅस्टर (वळण-अक्षाचा मागे कल) अधिक २.५ ते ३ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश आणि टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळलेली असणे) सुमारे ३ मिलिमीटर हे आकडे कागदावर लिहून न्यावेत आणि हाताने भरायला सांगावेत.

इंजिन, इंधन, गिअरबॉक्स

जुने आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर यांच्याशिवाय टेस्ट बेंचवर मोजलेली अश्वशक्ती छापत असत; १९७२ पासून गाडीत बसवलेल्या स्थितीतील आकडे येऊ लागले. त्यामुळे १९६७ च्या २८९ इंजिनाचे छापील २०० आणि आजच्या इंजिनाचे २०० यांची तुलना होत नाही. आजचे २०० जास्त आहेत.

पहिल्या वाटेने जाणाऱ्याने मूळ २८९ किंवा ३०२ चा ब्लॉक ठेवावा, तो अंबडच्या चांगल्या मशीन शॉपमध्ये बोअर करून होन करून घ्यावा, ॲल्युमिनियमची सिलिंडर हेड आणि रोलर कॅमशाफ्ट घालावा, आणि कार्ब्युरेटरच्या जागी त्याच चार बोल्टांवर बसणारे थ्रॉटल-बॉडी इंजेक्शन बसवावे. रोलर कॅमचा फायदा फक्त ताकदीचा नाही. जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमला तेलात जस्ताचे संयुग भरपूर लागते, आणि आजच्या बहुतेक तेलांत ते कमी केलेले असते. रोलरला ती चिंता नसते. दुसऱ्या वाटेने, परवानगी घेऊन जाणाऱ्याला कॅमेरोसाठी जनरल मोटर्सचे ६.२ लिटरचे एलएस-३ हे सर्वांत सरळ इंजिन आहे. खोक्यातून ४३० अश्वशक्ती मिळते, ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्यामुळे जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा ते बरेच हलके असते, आणि जुन्या माउंटवर बसवण्याच्या पट्ट्या तयार मिळतात. ऑइल पॅन मात्र कॅमेरोच्या क्रॉस मेंबरला चुकवणारा निवडावा लागतो.

इंधनाबाबत थोडे सविस्तर. अमेरिकी माहितीपत्रकात ‘९१ ऑक्टेन’ लिहिलेले असेल तर तो आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो. आपल्याकडच्या आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) मोजमापात तो साधारण ९५-९६ होतो. म्हणजे जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ९१ आरओएनचे पेट्रोल चालणार नाही. त्यात आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. त्यामुळे जुन्या जेटवरचा कार्ब्युरेटर ई-२० वर इंधन कमी देतो, इंजिन तापते आणि गॅस देताना अडखळते. ऑक्सिजन सेन्सर असलेले इंजेक्शन हे आपोआप सांभाळून घेते, आणि माझ्या मते इंजेक्शन बसवण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषतो आणि जुने रबर मऊ करतो. टाकी स्टेनलेसची किंवा नवी, पंप टाकीच्या आत, आणि सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. कार्ब्युरेटरला सुमारे ६ पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या लाइनमध्ये तो ५८ च्या आसपास असतो, म्हणून जुनी नळी आणि स्क्रू-क्लॅम्प तिथे ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

रेडिएटर ॲल्युमिनियमचा, दोन विजेचे पंखे आणि त्यांच्यामागे पूर्ण झाकणारे आवरण हे एकत्रच घ्यावे. आवरणाशिवाय पंखा रेडिएटरचा फक्त मधला गोल थंड करतो. कूलंट मिसळताना बोअरचे पाणी कटाक्षाने टाळावे आणि डिस्टिल्ड वॉटर वापरावे, नाहीतर क्षार साचून नळ्या अरुंद होतात. पंखे, पंप आणि इंजेक्शन मिळून जुन्या अल्टरनेटरला झेपत नाहीत, म्हणून शंभर अँपिअरहून मोठा अल्टरनेटर घ्यावा. मूळ वायरिंगला ठिगळे न लावता फ्यूज बॉक्स आणि रिलेसह संपूर्ण नवा हार्नेस टाकावा, आणि इंजिन, बॉडी व बॅटरी यांच्यात जाड अर्थिंगच्या पट्ट्या द्याव्यात. इंजेक्शनच्या ज्या तक्रारी ‘कॉम्प्युटर खराब’ म्हणून येतात, त्यांतील पुष्कळ अर्थिंगवरच मिटतात.

गिअरबॉक्स बदलण्याने गाडी जितकी सुसह्य होते तितकी इंजिनानेही होत नाही. मूळ चार गिअरच्या खोक्यात शेवटचा गिअर सरळ असतो. मागच्या ॲक्सलचा रेशो ३.५५ आणि टायर २४५/४५ आर १७ धरला तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे २,९०० फेरे घेते; ट्रेमेक टीकेएक्स या पाच गिअरच्या खोक्याच्या ०.६८ ओव्हरड्राइव्हमध्ये तेच साधारण १,९६० वर येते. मुंबई-आग्रा महामार्गावर हा फरक कानाला लगेच जाणवतो. सहा गिअरचे टी-५६ मोठे आहे आणि त्यासाठी फरशीचा बोगदा कापावा लागतो, म्हणून पहिल्या वाटेवाल्यांनी त्याचा विचार सोडावा.

गिअरबॉक्स बसवताना एक माप टाळू नये. बेलहाउसिंग इंजिनाला लावल्यावर फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून मधल्या भोकाच्या कडेने सुई फिरवावी आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा घुमवावा. सुईचा एकूण फरक पाच थाऊच्या, म्हणजे ०.००५ इंचाच्या आत हवा. जास्त आला तर ऑफसेट डॉवेल पिना घालून मध्य जुळवावा. हे न करता गिअरबॉक्स चढवला तर गिअर कडक पडतात आणि इनपुट बेअरिंग लवकर जाते, आणि दोष नव्या खोक्याला दिला जातो. अंबडमधल्या कोणत्याही टूलरूममध्ये डायल गेज असतो. तासाभरासाठी माणसासकट बोलवावा. नंतर प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीला कापून बॅलन्स करून घ्यावा आणि गिअरबॉक्सचा मागचा दांडा व पिनियन एकमेकांना समांतर ठेवावेत. जॉइंटचा कोन एक ते तीन अंशांत बसला की थरथर राहत नाही.

चाचणी

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी विंडसर इंजिनात (२८९ आणि ३०२ याच घराण्यातली) डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवावा आणि मीटरवर दाब दिसेपर्यंत थांबावे. गाडी पहिल्यांदा चालवावी ती आवारात, हळू, फक्त ब्रेक आणि स्टिअरिंगकडे लक्ष देत. ब्रेक पॅड बसवण्यासाठी ताशी ५० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग उतरवावा आणि मध्ये गाडी पूर्ण थांबवू नये. कूलिंगची खरी परीक्षा मोकळ्या महामार्गावर होत नाही. मे महिन्यातल्या दुपारी द्वारका चौकातील कोंडीत एसी चालू ठेवून काटा स्थिर राहिला तरच रेडिएटर उत्तीर्ण समजावा. व्हिंटेज नोंदणीची गाडी असेल तर रॅलीला नेण्याआधी हेच शेडमध्ये पाऊण तास आयडलवर ठेवून पाहावे.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, सस्पेन्शनचे आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, तपासलेल्या प्रत्येकावर रंगाचा ठिपका द्यावा, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलावा, आणि काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा कीस आहे का ते उन्हात धरून पाहावे.